आतल्या पत्त्याचे सर्व्हर

चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा तालुका वर्धा नदीच्या उजव्या तीरावर आहे, आणि तिथल्या व शेजारच्या कोरपना तालुक्यातल्या व्यवहाराचा मोठा भाग कोळसा आणि सिमेंट या दोन वस्तूंभोवती फिरतो. सास्ती, गोवरी, पोवनी येथील उघड्या खाणींतला कोळसा किंवा गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथील कारखान्यांतले सिमेंट ट्रकमध्ये भरले, की तो ट्रक वजनकाट्यावर चढतो, आकडा संगणकात उतरतो, पावती निघते आणि फाटकावरचा कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपून ठेवतो. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या मुलखात नोंद म्हणजे पटवाऱ्याच्या दप्तरातला कागद होता. आता ती डिस्कवर असते, आणि डिस्क ही वस्तू आज ना उद्या निकामी होणारच, विशेषतः ज्या जिल्ह्यात मे महिन्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो आणि खोली थंड ठेवणारे यंत्र बंद पडले तर दुरुस्तीला माणूस कधी येईल याची खात्री नसते, तिथे. म्हणून अशा ठिकाणी एकाच सर्व्हरवर भिस्त न ठेवता दोन-तीन सर्व्हर एकत्र जोडून त्यांचा साठवण-गट, म्हणजे क्लस्टर, करण्याकडे कल असतो: प्रत्येक फाइलची प्रत एकाहून अधिक सर्व्हरवर लिहिली जाते, आणि वापरणाऱ्याला मात्र एकच मोठा साठा दिसतो.

असा गट उभारण्यासाठी जी मोफत उपलब्ध असलेली साधने लहान संस्थांच्या आवाक्यात आली, त्यांत ग्लस्टरएफएस हे नाव बराच काळ पुढे होते. आनंद बाबू पेरियासामी या तमिळ अभियंत्याने आपल्या सहकाऱ्यांसह २००५ च्या सुमारास त्याचे काम सुरू केले, त्याची बरीचशी घडण बंगळूरुमध्ये झाली आणि २०११ मध्ये रेड हॅट या कंपनीने ती मूळ कंपनी सुमारे १३.६ कोटी डॉलरला विकत घेतली. त्याची रचना समजायला सोपी आहे. प्रत्येक सर्व्हरवरची एक निर्देशिका म्हणजे एक ‘ब्रिक’, अशा अनेक ब्रिक मिळून एक ‘व्हॉल्यूम’, आणि सगळ्या सर्व्हरांमधला समन्वय राखणारा ‘ग्लस्टरडी’ नावाचा प्रोग्राम, जो २४००७ क्रमांकाच्या पोर्टवर येणाऱ्या विनंत्या ऐकतो. पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावर चालणाऱ्या अनेक प्रोग्रामांना वेगळे ओळखण्याचा क्रमांक. ब्रिकचे प्रोग्राम ४९१५२ पासून पुढचे क्रमांक घेतात. यात एक गोष्ट मात्र अशी आहे की ती ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट उलगडत नाही: ग्लस्टरएफएस मूळ बसवणीत, कोणी वेगळे सांगितले नसेल तर, विनंती करणाऱ्या कुठल्याही पत्त्याला साठा उघडून देतो. ओळख पटवण्याचे काम त्याने नेटवर्कवर सोपवलेले आहे.

म्हणूनच असे सर्व्हर खासगी नेटवर्कपुरते मर्यादित ठेवावे लागतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने पत्त्यांचे तीन पट्टे (१० ने सुरू होणारा, १७२.१६ पासूनचा आणि १९२.१६८ चा) खासगी वापरासाठी राखून ठेवले, या पत्त्यांना इंटरनेटवर वाट नसते, आणि म्हणून प्रत्येक घरात, कचेरीत आणि कारखान्यात तेच पत्ते पुन्हा पुन्हा निर्धास्तपणे वापरता येतात. साठवणीच्या सर्व्हरला सहसा दोन नेटवर्क कार्डे असतात. एकाला कचेरीच्या किंवा बाहेरच्या नेटवर्कचा पत्ता मिळतो, दुसरे एका वेगळ्या स्विचला जोडून फक्त सर्व्हरांच्या आपसातल्या वाहतुकीसाठी राखले जाते, आणि साठवणीचे सगळे प्रोग्राम त्या दुसऱ्या कार्डावरच बोलतील अशी योजना केली जाते. ही खबरदारी अवाजवी नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरची क्यूनॅप बनावटीची साठवण-यंत्रे गाठून त्यांतल्या फाइली कुलूपबंद केल्या, आणि ती यंत्रे त्याच्या हाती लागली ती इंटरनेटवर उघडी होती म्हणूनच.

मर्यादा घालण्याचे मार्ग मात्र दोन आहेत, आणि त्यांतला भेद बहुतेक ठिकाणी विचारात घेतला जात नाही. पहिला मार्ग फायरवॉलचा: प्रोग्राम सर्व पत्त्यांवर ऐकत राहतो, पण बाहेरच्या कार्डावरून आलेली विनंती त्याच्यापर्यंत पोचूच दिली जात नाही. दुसरा मार्ग प्रोग्रामलाच बांधण्याचा. त्याच्या मांडणीच्या फाइलीत ‘बाइंड-ॲड्रेस’ नावाची ओळ घालून, उदाहरणार्थ, १०.०.०.११ हा एकच पत्ता त्याला नेमून दिला, की इतर कोणत्याही पत्त्यावर तो ऐकत नाही. वरवर दोहोंचा परिणाम सारखाच दिसतो. प्रत्यक्षात फायरवॉल ‘कोणाला आत घ्यायचे’ या प्रश्नाचे उत्तर देते, तर बाइंड-ॲड्रेस ‘मी कोण’ या प्रश्नाचे. आणि पहिल्या प्रश्नासाठी दुसऱ्याचे उत्तर बदलून ठेवले, की जे बिघाड उद्भवतात ते सुरक्षिततेचे नसतात, ओळखीचे असतात. खासगी कार्डावर बांधलेल्या साठवण-गटाच्या तक्रारींचा मोठा हिस्सा, डिस्क, केबल आणि स्विच या संशयितांना बाजूला सारल्यावर, शेवटी इथे येऊन थांबतो.

सर्वांत बोलके उदाहरण सर्व्हरने स्वतःशी बोलण्याचे आहे. प्रत्येक संगणकात १२७.०.०.१ हा एक पत्ता असतो. त्याला लोकलहोस्ट म्हणतात, आणि त्यावर पाठवलेला मजकूर कुठल्याही तारेवर न जाता त्याच यंत्रात फिरून परत येतो. ग्लस्टरडी आपल्या हाताखाली काही मदतनीस प्रोग्राम सुरू करतो, ज्यांत बंद पडून पुन्हा उठलेल्या सर्व्हरवरच्या मागे राहिलेल्या प्रती अद्ययावत करणारा ‘सेल्फ-हील’ प्रोग्राम सर्वांत महत्त्वाचा. हा मदतनीस सुरू होताच व्हॉल्यूमची रचना विचारण्यासाठी ग्लस्टरडीकडेच वळतो, आणि जुन्या आवृत्त्यांत तो ती लोकलहोस्टच्या पत्त्यावर विचारत असे. ग्लस्टरडी मात्र १०.०.०.११ ला बांधलेला, म्हणजे १२७.०.०.१ वर ऐकणारे कोणीच नाही. मदतनिसाला ‘जोडणी नाकारली’ एवढेच उत्तर मिळते, तो काही वेळा धडपडतो आणि थांबतो.

व्यवस्थापकाला यातले काय दिसते, ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. शेजारी सर्व्हरांची स्थिती विचारली तर सगळे ‘जोडलेले’ दिसतात, कारण सर्व्हर एकमेकांशी खासगी पत्त्यावरच बोलत असतात. आज्ञा देण्याचे साधनही ठीक चालते, कारण ते ग्लस्टरडीशी नेटवर्कमधून न बोलता डिस्कवरच्या एका सॉकेट-फाइलमधून बोलते. फाइली लिहिल्या जातात, वाचल्या जातात, काट्यावरच्या नोंदी पडत राहतात. फक्त व्हॉल्यूमच्या स्थितीच्या तक्त्यात अगदी खाली, सेल्फ-हीलच्या ओळीत, पोर्टच्या जागी काही नाही आणि ‘चालू’च्या रकान्यात इंग्रजी ‘एन’, म्हणजे ‘नाही’. ही ओळ आठवडेच्या आठवडे कोणाच्या नजरेला येत नाही. ती डोळ्यांवर येते तेव्हा एखादा सर्व्हर मधल्या काळात बंद पडून उठलेला असतो आणि त्याच्या प्रती मागे राहिल्या त्या राहिल्याच असे लक्षात येते. नंतरच्या आवृत्त्यांत मदतनिसालाही बांधलेला पत्ता सांगण्याची सोय झाली. तरी ज्या ठिकाणी एकदा बसवलेली आवृत्ती चालते आहे तोवर कोणी हात लावत नाही (आणि लहान गावांत हा अलिखित नियमच आहे) तिथे ही अडचण टिकून राहते. बांधणीची ओळ काढून टाकून फायरवॉलने दार राखणे हा त्यावरचा जुना आणि अधिक सरळ उपाय होय.

ऐकण्याचा पत्ता ठरवला म्हणजे बोलण्याचाही ठरला, ही समजूतही अशीच फसवी आहे. सर्व्हर जेव्हा स्वतःहून शेजाऱ्याकडे जोडणी मागतो, तेव्हा कोणत्या पत्त्यावरून मागायची हे लिनक्सचा मार्गतक्ता ठरवतो, आणि शेजाऱ्याचे नाव जर बाहेरच्या पत्त्याला जोडलेले असेल तर विनंती बाहेरच्या कार्डातून बाहेरच्याच पत्त्यानिशी निघते. ग्लस्टरएफएसमध्ये याचा एक खोडसाळ परिणाम होतो. पहिला सर्व्हर दुसऱ्याला नावाने गटात घेतो, पण दुसऱ्याच्या नोंदीत पहिला सर्व्हर नावाने न जाता, ज्या पत्त्यावरून त्याची जोडणी आली त्या पत्त्यानेच लिहिला जातो. दुसऱ्याकडून उलट दिशेने पहिल्याला नावाने हाक मारेपर्यंत ती नोंद तशीच राहते. बाहेरचा पत्ता असा एकदा दप्तरी दाखल झाला आणि मग सगळे खासगी कार्डाला बांधले, की दोघांपैकी एकाला दुसरा दिसतो आणि दुसऱ्याला पहिला दिसत नाही. म्हणून तपासाची सुरुवात ‘चालू आहे का’ या प्रश्नाने न करता, प्रत्येक प्रोग्राम कोणत्या पत्त्यावर ऐकतो, शेजाऱ्याच्या नावाचा कोणता पत्ता त्याला कळतो आणि तिकडे जाताना तो स्वतःचा कोणता पत्ता वापरतो, हे तिन्ही प्रत्येक सर्व्हरवर वेगवेगळे विचारून करावी लागते. ऐकणाऱ्या प्रोग्रामांची यादी देणारी ‘एसएस’ ही आज्ञा आणि मार्ग सांगणारी ‘आयपी रूट गेट’ ही आज्ञा एवढ्यावर यातले बरेचसे काम भागते, आणि उत्तरे कागदावर शेजारी शेजारी मांडली की विसंगती सहसा लपून राहत नाही.

वीज गेल्यावर होणारा बिघाड वेगळ्या जातीचा. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे आणि त्याच्या चिमण्यांचा धूर या जिल्ह्याने पिढ्यानपिढ्या सोसला, तरी ज्येष्ठातल्या पहिल्या वादळात लाइन जायची ती जातेच. वीज परतल्यावर सर्व्हर एकदम उठतात. खासगी कार्डाला स्विचची साद मिळून पत्ता मिळायला काही क्षण लागतात, आणि तेवढ्यात सुरू झालेला ग्लस्टरडी अजून अस्तित्वातच न आलेल्या पत्त्याला स्वतःला बांधू पाहतो. ‘मागितलेला पत्ता देता येत नाही’ अशी ओळ लॉगमध्ये पडते आणि प्रोग्राम मिटतो. थोड्या वेळाने माणूस येऊन तीच आज्ञा हाताने देतो तेव्हा सगळे सुरळीत चालते, आणि त्यामुळेच दोष सापडत नाही, कारण शोधणाऱ्याच्या समोर तो कधी घडतच नाही. नेटवर्क पूर्ण तयार होईपर्यंत प्रोग्रामला थांबवून ठेवण्याची सूचना मांडणीत घालणे एवढाच त्याचा इलाज.

खासगी नेटवर्क नेमके कोणाकोणाचे, हा प्रश्न मात्र प्रणालीगणिक बदलतो. ग्लस्टरएफएसमध्ये प्रती करण्याचे काम साठा वापरणारा संगणक, म्हणजे क्लायंट, स्वतः करतो: तो सर्व ब्रिकशी थेट जोडणी करून प्रत्येक ठिकाणी लिहितो. म्हणजे काट्याजवळचा संगणक जर फक्त कचेरीच्या नेटवर्कवर असेल आणि ब्रिक फक्त आतल्या नेटवर्कवर, तर व्हॉल्यूमची रचना हाती पडूनही एकही ब्रिक त्याला गाठता येणार नाही. त्यालाही आतल्या नेटवर्कमध्ये एक पाय ठेवावाच लागतो. सेफ या दुसऱ्या प्रणालीत, जिचा पाया सेज वाइल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील संशोधनात घातला, प्रती करण्याचे काम सर्व्हर आपसात करतात, आणि म्हणून तिथे वापरणाऱ्यांचे नेटवर्क आणि सर्व्हरांच्या आपसातले नेटवर्क अशी विभागणी मुळातच अर्थपूर्ण ठरते. तिथला गोंधळ निराळा: आतले नेटवर्क तुटले आणि बाहेरचे शाबूत राहिले, तर सर्व्हर एकमेकांविरुद्ध ‘तो गेला’ अशी वर्दी देतात, आणि ज्याला गेलेला ठरवले तो परत येऊन आपल्याला चुकीने मृत ठरवल्याचा निषेध लॉगमध्ये नोंदवतो. हे चक्र पुन्हा पुन्हा फिरत राहते.

अर्धवट तुटणे हे पूर्ण तुटण्यापेक्षा छळवादी असते. आतल्या नेटवर्कवर वेग वाढवण्यासाठी एका खेपेत नेल्या जाणाऱ्या माहितीचे माप नेहमीच्या १५०० बाइटांवरून ९००० पर्यंत वाढवण्याची प्रथा आहे. दोन्ही सर्व्हरांवर ते वाढवले आणि मधल्या स्विचवर वाढवायचे राहून गेले, तर लहान संदेश निर्वेध जातात, हाक मारली की ओ मिळते, शेजारी जोडलेला दिसतो, आणि मोठी फाइल लिहायला घेतली की सगळे गोठते. ८९७२ बाइटांचे संदेश तुकडे न करता पाठवून पाहणे (उरलेले २८ बाइट वेष्टनात जातात) ही याची ठरलेली परीक्षा.

या सर्व बिघाडांच्या मुळाशी असलेली अडचण अशी, की नेटवर्कवरचे मौन काहीच सांगत नाही. शेजारी मेला आहे की मधली वाट तुटली आहे, हे उत्तर न मिळण्यावरून ठरवता येत नाही. ठरवता येते ते फक्त किती वेळ वाट पाहायची एवढेच. ग्लस्टरएफएसचा क्लायंट मूळ बसवणीनुसार ४२ सेकंद वाट पाहतो, आणि तेवढा वेळ काट्यावरचा पडदा थिजलेला राहतो. महाराष्ट्रात या प्रश्नावर मोठे काम पुण्यात झाले. व्हेरिटास या कंपनीच्या पुण्यातल्या विकासकेंद्रात साठवण आणि क्लस्टर यांवर काम करणारी मराठी अभियंत्यांची फळी तयार झाली, आणि त्यातूनच बाहेर पडलेल्या मिलिंद बोराटे यांच्यासारख्यांनी २००८ मध्ये ड्रुवा ही कंपनी पुण्यातच सुरू केली. व्हेरिटासच्या क्लस्टरमध्ये सर्व्हरांच्या आपसातल्या हाका एलएलटी नावाच्या यंत्रणेतून जातात, जी सहसा आयपी पत्ते वापरतच नाही, थेट कार्डावरून कार्डावर बोलते. सर्व्हरची ओळख तिथे नेमून दिलेल्या क्रमांकाची. १६ सेकंद हाक आली नाही तर शेजारी गेला असे ती धरते. त्याआधीच, दोन स्वतंत्र तारांपैकी एक तुटून एकच उरली, की ती सदस्याला ‘धोक्यात’ असा दर्जा देते, कारण उरलेली तारही गेली तर माणूस गेला की रस्ता, हे कळणार नाही हे तिने आधीच ओळखलेले असते. ही सावधगिरी ग्लस्टरएफएसच्या साध्या दोन-प्रतींच्या मांडणीत नाही, आणि एकच आतले कार्ड, एकच स्विच अशा काटकसरीच्या उभारणीत तर मुळीच नाही.

वाट तुटली, दोन्ही सर्व्हर जिवंत राहिले आणि दोघांनाही लिहायला गिऱ्हाईक मिळाले, तर एकाच फाइलच्या दोन अधिकृत प्रती तयार होतात. याला दुभंग, इंग्रजीतून आलेल्या रूढ शब्दांत स्प्लिट-ब्रेन, म्हणतात. राजुऱ्याच्या परिसराला ही स्थिती वेगळ्या रूपात परिचयाची आहे. हा तालुका १९५६ पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता, राज्य पुनर्रचनेत नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात आला. पण पुढे जिवती तालुक्यात गेलेल्या डोंगरपट्टीतली परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर यांसारखी चौदा गावे दोन राज्यांच्या दप्तरांत राहिली. आधी आंध्र प्रदेश आणि २०१४ नंतर तेलंगणा, आणि दुसरीकडे महाराष्ट्र, अशा दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्या, शिधापत्रिका, शाळा आणि ग्रामपंचायती तिथे चालत आल्या. आपण एक गाव आहोत याविषयी त्या गावांना कधी शंका नव्हती. दुभंग होता तो दोन दप्तरांत, आणि प्रत्येक दप्तर आपल्यापुरते बिनचूक होते. फाइलीचेही तसेच असते, एवढाच फरक की गावकऱ्याला दोन्हीकडचे धान्य मिळू शकते, फाइलीच्या दोन प्रतींमुळे मात्र हिशेब जुळत नाही. तिसरा सर्व्हर, किंवा निदान फक्त नोंदींची नोंद ठेवणारा तिसरा ‘आर्बिटर’, घेऊन बहुमताशिवाय कोणालाच लिहू न देणे हा दुभंग टाळण्याचा मार्ग आहे. पण तो तिसराही जर त्याच आतल्या स्विचला टांगलेला असेल तर स्विच बंद पडताच तिघेही एकटे पडतात आणि कोणीच लिहू शकत नाही.

दुभंग झालाच, तर ग्लस्टरएफएस निवडीचे तीन पर्याय देतो: मोठी फाइल खरी धरा, शेवटी बदललेली खरी धरा, किंवा अमुक सर्व्हरची खरी धरा. फाटकावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रीकरणासाठी पहिला पर्याय बहुधा पुरतो. दुसरा दिसतो त्याहून नाजूक, कारण ‘शेवटी’ हे सर्व्हरच्या घड्याळावरून ठरते, आणि ज्या सर्व्हरांना फक्त खासगी नेटवर्क आहे त्यांना बाहेरच्या वेळ-सर्व्हरशी घड्याळ जुळवण्याची वाट कोणी मुद्दाम करून दिली नसेल तर ती घड्याळे हळूहळू एकमेकांपासून दूर सरकतात. सेफची प्रणाली आपल्या निरीक्षक सर्व्हरांच्या घड्याळांत ०.०५ सेकंदाहून अधिक फरक पडला तरी तक्रार करते, ती उगीच नाही. वजनकाट्याच्या नोंदवहीला तर यांपैकी कोणताच पर्याय लागू पडत नाही, कारण दोन्ही प्रतींतल्या नोंदी खऱ्या असतात: तुटलेल्या वेळात काही गाड्या एका सर्व्हरवर उतरल्या, काही दुसऱ्यावर, आणि एक प्रत निवडणे म्हणजे दुसऱ्या प्रतीतल्या गाड्या कधी गेल्याच नाहीत असे लिहिणे. तिथे दोन्ही प्रती आधी बाजूला काढून ठेवाव्या लागतात आणि पावती क्रमांकाने एकेक ओळ जुळवावी लागते. ज्या काट्यावर पावतीची स्थळप्रत फाइलला लावण्याची जुनी रीत अजून मोडलेली नाही, तिथे हे काम एका दुपारचे असते. जिथे मोडली आहे, तिथे वाहतूकदारांना फोन करून चालकांच्या खिशातल्या पावत्या मागाव्या लागतात.